शुक्रजनक मूल कोशिका, डुकरातील

नर डुकराच्या वृषणातील ज्या अविशेषित कोशिकांपासून (पेशींपासून) आयुष्यभर शुक्राणू तयार होत राहतात, त्यांना शुक्रजनक मूल कोशिका म्हणतात. विभाजनानंतर त्यांतील काही मूल अवस्थेतच राहून साठा कायम ठेवतात व इतर टप्प्याटप्प्याने विकसित होऊन शुक्राणू बनतात. स्वतःची संख्या टिकवून पुढील पिढीकडे आनुवंशिक द्रव्य पोहोचविणारी प्रौढ शरीरातील मूल कोशिका ही एवढीच होय.

डुकराच्या बाबतीत तिला विशेष महत्त्व आहे. बैलाचे रेत गोठवून वर्षानुवर्षे ठेवता येते. डुकराच्या शुक्राणूंचे पटल मात्र थंडीला फार संवेदनशील असल्याने रेत सामान्यतः १७° से.च्या आसपास द्रवरूपात ठेवून काही दिवसांतच वापरावे लागते. त्यामुळे गोव्यातील आगोंद गावावरून नाव पडलेल्या आगोंदा गोवन डुकरासारखे देशी वाण मुख्यतः जिवंत कळपांच्या रूपानेच टिकून आहेत. आफ्रिकन स्वाइन फीवर हा विषाणुजन्य रोग २०२० मध्ये भारतात शिरला व ईशान्येकडील कळपच्या कळप नष्ट झाले, तेव्हा या पद्धतीतील धोका स्पष्ट झाला. मांसाला येणारा उग्र दर्प टाळण्यासाठी नर पिलांचे खच्चीकरण करतात. त्या वेळी टाकून दिली जाणारी वृषणे हाच या कोशिकांचा सर्वांत सुलभ स्रोत आहे.

ओळख : मूल कोशिका शुक्रजनक नलिकांच्या आधारकलेला लागून, सर्टोली या पोषक कोशिकांच्या आश्रयाने असतात. त्या अत्यंत विरळ असतात. उंदरात सर्व जननकोशिकांपैकी त्या सु. ०·०३ टक्के असल्याचा अंदाज आहे. नवजात पिलाच्या नलिकांत शुक्राणू किंवा त्यांच्या पुढील विकासावस्था नसतात. तेथे जननकोशिका म्हणजे केवळ जननपूर्वज कोशिका असल्याने त्या वेगळ्या काढणे सोपे जाते. वृषण बारीक चिरून कोलॅजेनेज व ट्रिप्सिन या एंझाइमांनी कोशिका सुट्या करतात. त्या जिलेटिनाचा थर दिलेल्या बशीत ठेवल्यास इतर देहकोशिका लवकर चिकटतात आणि जननकोशिका तरंगत राहतात.

निव्वळ आकारावरून ओळख पटत नाही, म्हणून रासायनिक खुणांचा आधार घ्यावा लागतो. त्यांपैकी एक आपल्या परिचयाच्या धान्यातून मिळते. कुळथाच्या बियांतील लेक्टिन हे प्रथिन एका विशिष्ट शर्करेला बांधले जाते आणि ती शर्करा डुकराच्या जननपूर्वज कोशिकांच्या पृष्ठभागावर असते. जपानमधील क्योटो विद्यापीठात संदीप गोयल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात या कोशिकांच्या ओळखीसाठी व संवर्धनासाठी याचा उपयोग केला. यू.सी.एच.एल.–१ व पी.एल.झेड.एफ. ही प्रथिनेही खुणा म्हणून वापरतात. मात्र या खुणा मूल कोशिकांपुरत्याच मर्यादित नाहीत; त्यांच्या नुकत्याच विकासाला लागलेल्या संततीतही त्या आढळतात.

खरी कसोटी प्रतिरोपणाची आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील राल्फ ब्रिन्स्टर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एका उंदराच्या जननकोशिका दुसऱ्याच्या रिकाम्या वृषणात सोडून त्यांपासून शुक्राणू मिळविले. डुकराच्या कोशिका उंदराच्या वृषणात आधारकलेपर्यंत पोहोचतात, तेथे वस्तीही करतात. परंतु जाती फार दूरच्या असल्याने शुक्राणू बनत नाहीत. उलट पिलाच्या वृषणाचा तुकडाच उंदराच्या कातडीखाली लावल्यास त्यात डुकराचे शुक्राणू तयार होतात, असे २००२ मध्ये दिसून आले. तुकड्याबरोबर सर्टोली कोशिकांचा मूळ परिसरही जातो, हे त्याचे कारण.

संवर्धन : सर्टोली कोशिकांपासून मिळणारा जी.डी.एन.एफ. हा वृद्धिघटक मूल कोशिकांचे स्वयंनूतनीकरण नियंत्रित करतो, हे उंदरात २००० मध्ये दाखविले गेले. त्याच्या आधारे जपानी संशोधकांनी २००३ मध्ये उंदराच्या कोशिकांचे दीर्घकालीन संवर्धन साधले व पुढे ते दोन वर्षांहून अधिक काळ चालविले. हीच कृती डुकराला जशीच्या तशी लागू पडत नाही. देहकोशिका वेगाने वाढून बशी व्यापतात आणि जननकोशिका काही आठवड्यांत क्षीण होतात किंवा विकासाच्या मार्गाला लागतात. वृषण शरीराहून थंड असते, हे लक्षात घेऊन काही प्रयोगशाळांनी ३७° से.ऐवजी ३१° ते ३४° से. तापमान वापरले, त्याने सुधारणा झाली, पण प्रश्न सुटला नाही. बशीत द्राक्षाच्या घडासारखा पुंजका दिसणे म्हणजे मूल कोशिका हाती येणे नव्हे. प्रतिरोपणाच्या पुराव्यावाचून केलेले पुष्कळ दावे म्हणूनच तात्पुरते मानावे लागतात.

ग्राही प्राण्याची अडचण मात्र बरीचशी दूर झाली आहे. नॅनॉस–२ हे जनुक निष्प्रभ केलेल्या नर डुकरात जननकोशिका नसतात, पण नलिकांची रचना शाबूत राहते. अशा नरांत दात्याच्या कोशिका सोडल्यावर दात्याच्या वाणाचे शुक्राणू तयार होतात, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. त्यांत वापरलेल्या कोशिका वृषणातून ताज्या काढलेल्या होत्या. संवर्धनात वाढवून साठविलेल्या नव्हत्या.