धानाच्या तणसात साखर असते, मग ती काढणे इतके अवघड का?

भंडारा : धानाचे कोठार अशी ओळख असलेल्या भंडारा जिल्ह्यात तणस म्हणजे जनावरांचा चारा. पण हार्वेस्टरने कापणी केली की ते बांधीत विखुरते. गोळा करायला मजुरी परवडली नाही, तर काही ठिकाणी पेटवले जाते. याच तणसापासून साखर आणि पुढे इथेनॉल बनते. कसे, ते समजून घेऊ.

तणसात साखर कुठे असते?

तांदळातील स्टार्च आणि तणसातील सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच माळा. फरक आहे तो मणी जोडण्याच्या पद्धतीत. स्टार्चची जोडणी माणसाला पचते, सेल्युलोजची नाही. गायी-बैलांच्या पोटातील सूक्ष्मजीव ती तोडतात, म्हणून त्यांना तणस चालते. तणसाच्या वजनात साधारण एक तृतीयांश सेल्युलोज असते. त्याभोवती हेमिसेल्युलोज आणि लिग्निनचे घट्ट आवरण असते.

कारखान्यात काय होते?

१. तणसाचे तुकडे करून त्यावर सौम्य आम्ल आणि दाबाखालील वाफेची प्रक्रिया होते. हेमिसेल्युलोज फुटून झायलोज साखर मिळते आणि लिग्निनची पकड सैल होते.

२. सुमारे ५० अंश सेल्सिअसला सेल्युलेज विकरे (एन्झाइम) सेल्युलोजचे ग्लुकोज करतात.

३. यीस्ट साखरेचे इथेनॉल करते. उरलेले लिग्निन बॉयलरमध्ये जाळता येते.

फक्त आम्लाने काम का भागत नाही?

आम्लाने सेल्युलोजची साखर होते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८१९ मध्येच दाखवले होते. मात्र आम्ल आणि उष्णता जास्त झाली, तर तयार साखरच मोडून फरफ्युरलसारखी यीस्टला मारक द्रव्ये बनतात. म्हणून विकरे लागतात आणि तीच महाग पडतात. ती देणारी ट्रायकोडर्मा रीसाय ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी लष्कराचे तंबू कुजवताना सापडली होती.

महाराष्ट्राचा वाटा किती?

हरियाणातील पानिपत येथे ऑगस्ट २०२२ मध्ये इंडियन ऑइलच्या प्रकल्पाचे लोकार्पण झाले. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. वर्षाला २ लाख टन तणसापासून ३ कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनामागे सुमारे १५० लिटर, अशी त्याची आखणी आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेनेही (आयसीटी) स्वतःचे तंत्रज्ञान विकसित केले असून उत्तराखंडमधील काशीपूरला त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला.

भंडाऱ्यातील शेतकऱ्यासाठी कळीचा मुद्दा कोणता?

तणस हंगामात एकदमच निघते, कारखान्याला ते वर्षभर कोरडे लागते. ते हलके पण जागा खाणारे, त्यामुळे वाहतूक महाग. त्यातील सिलिका यंत्रे झिजवते. शिवाय सगळे तणस कारखान्याला गेले, तर गोठ्यात काय घालायचे? म्हणून गाठी बांधण्याचा आणि वाहतुकीचा खर्च वजा जाता हाती काय उरते, यावरच शेतकरी तणस विकायचे, चारायचे की पेटवायचे, हे ठरवेल.