लक्षाधीशांचे शहर पीडमाँट आणि त्याचे न दिसणारे कुंपण

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या उंच इमारती उभ्या राहतात. परंतु अमेरिकेतला खरा श्रीमंत माणूस बहुधा उंच इमारतीत राहत नाही. तो शहराला लागून असलेल्या उपनगरात राहतो. पुढे हिरवळ, मागे अंगण, बाजूला गाडीची जागा आणि चालत जाता येईल अशी उत्तम शाळा, असा त्याचा थाट असतो. अशा एका शहराची ओळख आम्ही आज वाचकांना करून देणार आहोत. हे शहर लहान असले तरी त्याच्या इतिहासात आपल्याला शिकण्यासारखे बरेच आहे.

शहराचे नाव पीडमाँट. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया राज्य आहे. तिथे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे ओकलंड हे मोठे बंदराचे शहर आहे आणि त्याच्या टेकड्यांवर पीडमाँट वसले आहे. नकाशा पाहिला तर गंमत वाटेल. पीडमाँटच्या चारही बाजूंना ओकलंडच आहे. भाकरीच्या मध्यभागी रुपया ठेवावा तसे हे शहर ओकलंडच्या पोटात बसले आहे. मात्र त्याचा कारभार, पोलीस, अग्निशमन दल आणि शाळा सगळे वेगळे.

आकडे काय सांगतात?

पीडमाँटचे क्षेत्रफळ सुमारे साडेचार चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ११,२७०. घरे साधारण ३,९००, आणि बहुतेक सगळी एका कुटुंबाची स्वतंत्र घरे. चाळ नाही, मोठा बाजार नाही, कारखाना तर नाहीच. मोजकी दुकाने, शाळा, चर्च, बागा आणि नगरपालिकेची कचेरी, एवढेच. कुटुंबाचे मध्यम वार्षिक उत्पन्न दोन लाख डॉलरच्या वर. साध्याशा घराची किंमतही वीस लाख डॉलरच्या घरात, म्हणजे आपल्या रुपयांत पंधरा कोटींच्या वर.

आता माणसांचा हिशेब पाहू. २०१० च्या जनगणनेत पीडमाँटची लोकसंख्या १०,६६७ होती. त्यात गोरे सुमारे ७४ टक्के, आशियाई वंशाचे सुमारे १८ टक्के आणि कृष्णवर्णीय फक्त १४४, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. त्याच वर्षी भोवतालच्या ओकलंडची लोकसंख्या ३,९०,७२४ होती आणि त्यात कृष्णवर्णीय एक लाख नऊ हजारांवर, म्हणजे २८ टक्के. मध्ये नदी नाही, डोंगर नाही, भिंतही नाही. रस्त्याच्या या बाजूला ओकलंड, त्या बाजूला पीडमाँट. मग शंभरात अठ्ठावीस असलेली माणसे रस्ता ओलांडताच शंभरात एकावर कशी येतात? हा प्रश्न विचारल्याशिवाय या शहराची ओळख पुरी होणार नाही.

शहर जन्मले कसे?

एकोणिसाव्या शतकात इथे गंधकाच्या पाण्याचे झरे होते. त्या झऱ्यांच्या नावाने हॉटेल निघाले आणि हवापालटासाठी लोक येऊ लागले. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत भीषण भूकंप झाला, आग लागली आणि निम्म्याहून अधिक शहर बेघर झाले. पैसेवाल्यांनी खाडीपलीकडच्या टेकड्यांवर घरे बांधली. ओकलंडला हा भाग आपल्या हद्दीत हवा होता. परंतु इथल्या लोकांनी ३१ जानेवारी १९०७ रोजी स्वतंत्र शहर स्थापन केले.

या एका निर्णयाचा अर्थ नीट समजून घ्यावा. अमेरिकेत शाळा, पोलीस, रस्ते यांचा खर्च मोठ्या प्रमाणात स्थानिक करांतून चालतो. श्रीमंतांनी आपली हद्द वेगळी केली की त्यांचा कर त्यांच्याच हद्दीत खर्च होतो. शेजारच्या गोदी कामगाराच्या मुलाच्या शाळेला त्यातले काही मिळत नाही. १९२० च्या दशकात पीडमाँटला 'लक्षाधीशांचे शहर' म्हणत.

सिडनी डिअरिंग यांचे घर

आता वाचकांनी लक्ष देऊन वाचावे अशी हकिकत. सिडनी डिअरिंग हे कृष्णवर्णीय गृहस्थ ओकलंडमध्ये उपाहारगृह चालवत. धंदा चांगला होता. जानेवारी १९२४ मध्ये त्यांनी पीडमाँटच्या वाइल्डवूड ॲव्हेन्यूवर दहा हजार डॉलरला घर घेतले. कृष्णवर्णीयाला तिथे कोणी घर विकत नसे, म्हणून खरेदी त्यांच्या सासूबाईंमार्फत झाली. पीडमाँटमध्ये घर घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

पैसे रोख होते, कागद कायदेशीर होते. तरीही शेजारी खवळले. मे १९२४ मध्ये सुमारे ५०० लोकांचा जमाव घरासमोर जमला आणि घर सोडून जाण्याची मागणी करू लागला. पुढे विटा फेकल्या गेल्या, घराच्या परिसरात बाँब सापडले. पोलिसांनी बंदोबस्त करायला हवा होता. पण शहराचा पोलीसप्रमुख बर्टन बेकर हा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेचा सदस्य होता! काउंटीच्या शेरीफला आपली माणसे पहाऱ्यावर पाठवावी लागली.

डिअरिंग लगेच हटले नाहीत. जायचेच असेल तर पंचवीस हजार डॉलर द्या, असे त्यांनी सांगितले. तेव्हा नगरपालिका पुढे सरसावली. या जागेवरून रस्ता काढायचा आहे असे कारण दाखवून घर ताब्यात घेण्याचा दावा लावण्यात आला. जमावाने दगडाने जे करायचे ठेवले होते, ते नगरपालिकेने कागदाने पुरे केले. अखेर डिअरिंग यांनी घर शहराला विकले आणि कुटुंब निघून गेले. तो रस्ता कधीच झाला नाही.

हे वाचताना आपल्याला १९१७ चे बडोदे आठवल्यावाचून राहत नाही. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना तिथे राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ते राहिले, तर लाठ्या घेतलेली माणसे दारात उभी ठाकली आणि त्यांना जागा सोडावी लागली. बडोद्यात पदवी उपयोगी पडली नाही आणि पीडमाँटमध्ये पैसा उपयोगी पडला नाही. माणसाचा जन्म कुठे झाला हेच दोन्हीकडे मोजले गेले.

बेकरचे पुढे काय झाले तेही सांगतो. तो १९२६ साली अलामेडा काउंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला. परंतु लाचखोरीच्या प्रकरणात पकडला गेला आणि १९३० साली दोषी ठरून तुरुंगात गेला. त्याच्यावर खटला चालवणारे सरकारी वकील होते अर्ल वॉरन. हेच वॉरन पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले. १९५४ साली काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा प्रसिद्ध निकाल त्यांनीच लिहिला.

कागदावरचे कुंपण

दगडफेक एकदाच होते, कागद मात्र पिढ्यान्‌पिढ्या काम करतो. अमेरिकेच्या अनेक उपनगरांत घराच्या खरेदीखतातच अट असे की हे घर गोऱ्याखेरीज कोणाला विकू नये, भाड्याने देऊ नये. नोकर म्हणून राहायला मात्र हरकत नसे! १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा अटींची अंमलबजावणी कोर्टांनी करू नये.

दुसरा कागद म्हणजे कर्जाचा नकाशा. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा रंग म्हणजे उत्तम वस्ती. लाल रंग म्हणजे धोक्याची, कर्ज देण्यास अयोग्य वस्ती. १९३७ च्या नकाशात पीडमाँट हिरवे आहे आणि रेल्वेचे हमाल, गोदी कामगार, कृष्णवर्णीय जिथे राहत ते पश्चिम ओकलंड लाल आहे. हिरव्या भागातल्या माणसाला स्वस्त कर्ज मिळाले, त्याने घर घेतले, किंमत वाढली, मुलाला वारसा मिळाला. लाल भागातल्या माणसाने तेवढीच वर्षे भाडे भरले आणि मुलाच्या हाती भाडेपावत्या ठेवल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर अवघ्या आठवड्यात, एप्रिल १९६८ मध्ये, घर विकताना-देताना भेदभाव करण्यास बंदी करणारा कायदा झाला. पण तोवर तीन दशकांची कमाई एका बाजूला जमा झाली होती.

आज अट कुठली? किमतीची. त्यात वस्तीच्या नियमांनी बहुतेक जमीन एका कुटुंबाच्या घरासाठी राखलेली. १९७८ साली कॅलिफोर्नियात एक करविषयक दुरुस्ती मंजूर झाली. त्यानुसार घरावरचा मूळ कर खरेदी किमतीच्या एक टक्का ठरला आणि मूल्यांकन वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढू शकते. जुन्या मालकाची चांदी, नव्याने येणाऱ्यावर भार. म्हणजे 'काळ्यांना बंदी' अशी पाटी कुठेही नाही. पण पंधरा-वीस कोटींचे घर घेण्यासाठी आजोबांची जी ठेव लागते, ती ठेव कोणाच्या आजोबांना करू दिली आणि कोणाच्या नाही, हे आपण वर पाहिलेच.

शाळा हेच खरे सोने

लोक पीडमाँटला एवढी किंमत देऊन का येतात? उत्तर एकच, शाळा. तीन प्राथमिक, एक माध्यमिक आणि वरची शाळा, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. सरकारी शाळाच आहेत, फी नाही. पण शाळेसाठी इथले रहिवासी स्वतःवर जादा कर बसवून घेतात. त्यासाठी दोन-तृतीयांश मते लागतात आणि ती मिळतात. शिवाय पालकांची संस्था देणग्या गोळा करते. अमेरिकेचे संरक्षणमंत्री झालेले रॉबर्ट मॅकनमारा इथल्याच हायस्कूलचे विद्यार्थी. अभिनेते क्लिंट ईस्टवूड यांचेही बालपण याच गावात गेले. १९६३ साली एका जीवशास्त्राच्या शिक्षकाने पक्ष्यांचे आवाज काढण्याची स्पर्धा सुरू केली. तिचे विजेते पुढे दूरदर्शनच्या लोकप्रिय कार्यक्रमांत झळकले. अभ्यासाबरोबर अशी मजाही हवी, हे आमच्या पालकांनी लक्षात घ्यावे.

एक नवल मात्र सांगितले पाहिजे. एवढ्या श्रीमंत शहराला स्वतःचे सार्वजनिक ग्रंथालय नाही! ओकलंडला पैसे देऊन त्यांची ग्रंथालये वापरली जातात. हद्द वेगळी काढली तरी शेजाऱ्याशिवाय कोणाचे चालत नाही.

कुंपणाबाहेरचे ओकलंड

याच ओकलंडमध्ये ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या तरुणांनी ब्लॅक पँथर संघटना स्थापन केली. चांगली घरे, शिक्षण, रोजगार आणि पोलिसी अत्याचाराचा अंत या त्यांच्या मागण्या होत्या. १९६९ मध्ये एका चर्चमध्ये त्यांनी शाळकरी मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली. कारण उपाशी पोटी अभ्यास होत नाही. त्यांचेच नाव घेऊन १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली, हे आमच्या घराघरांत ठाऊक आहे. पण ज्या शहरात पँथर जन्मला, त्याच्याच पोटात पीडमाँट होते, हे मुलांना सांगितले तर ती चळवळ का पेटली ते त्यांना लवकर उमगेल.

आज काय चालले आहे?

शंभर वर्षांनी पीडमाँटला जाग आली असे म्हणता येईल. २०२० साली अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध मोठे आंदोलन झाले. त्यानंतर शहराने वर्णद्वेषाविरुद्ध ठराव केला आणि डिअरिंग यांचे स्मारक करण्याचे ठरवले. २०२५ मध्ये त्यांच्या वंशजांनी शहरावर दावा दाखल केला. त्यांचे म्हणणे रास्त आहे. दगडी स्मारक ठीक, पण हिरावलेल्या घराचा हिशेब कोण देणार?

दुसरीकडे राज्य सरकारने प्रत्येक शहराला नव्या घरांचे उद्दिष्ट दिले आहे. पीडमाँटला मागच्या खेपेस केवळ ६० घरांचे उद्दिष्ट होते. २०२३ ते २०३१ साठी ते ५८७ झाले. त्यातली २५७ घरे कमी आणि अतिशय कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी योजायची आहेत. मोरागा कॅनियन भागात १३२ घरांचा आराखडा करण्यात आला. नियोजन झाले म्हणजे घर झाले असे नव्हे, हे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या फायली पाहिलेल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तरीही कागदावरचे कुंपण कागदानेच काढण्याची ही सुरुवात आहे.

आमच्या समाजातील मुले-मुली आता शिकून नोकरीसाठी कॅलिफोर्नियात जाऊ लागली आहेत. त्यांच्या आई-वडिलांना आमचे सांगणे आहे. मुलाने तिकडच्या बंगल्याचा फोटो पाठवला तर जरूर आनंद माना. पण शेजारी कोण राहते, कोणाला राहता येत नाही आणि घरकाम करून संध्याकाळी परत जाणारी बाई कुठल्या वस्तीत जाते, एवढे त्याला जरूर विचारा. तो बाबासाहेबांचा वारस असेल तर उत्तर शोधल्याशिवाय राहणार नाही.

आणि जे इथेच आहेत त्यांनी पीडमाँटकडून एक गोष्ट उचलावी. तिथले श्रीमंत शाळेसाठी स्वतःहून जादा पैसा काढतात. आमच्याकडे तेवढा पैसा नाही. पण महिन्याला दहा-वीस रुपये काढून विहारात अभ्यासिका, दोन दिवे आणि चार वर्तमानपत्रे सुरू ठेवता येतात. फरक इतकाच ठेवू या की आमच्या अभ्यासिकेच्या दाराला हद्द असणार नाही. शेजारच्या कुठल्याही जातीच्या, कुठल्याही धर्माच्या गरीब मुलाला तिथे सतरंजीवर जागा असेल.