बाळाचे लोकरीचे हातमोजे

महाडहून रायगडाकडे जाताना वाटेत नाते गाव लागते. आपल्याकडे बर्फ पडत नाही. तरी पौषात पहाटे गार वारा सुटतो, गवतावर दंव असते. मोठी माणसे शेकोटी पेटवतात, घोंगडी पांघरतात. पाळण्यातल्या बाळाने काय करावे?

बाळाला थंडी लवकर का बाधते?

आईच्या पोटात बाळ सतत उबेत असते. जन्मले की ते एकदम बाहेरच्या हवेत येते. त्याच्या अंगावर चरबी थोडी असते. अंग लहान असले की ते लवकर निवते. मोठ्या हंड्यातले पाणी बराच वेळ गरम राहते, वाटीतले लगेच थंड होते. तसेच हे आहे. अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळाला तर जास्तच जपावे लागते.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ खेड्यांत नवजात बाळांसाठी काम केले. गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले. बाळाला ऊब कशी द्यावी, दूध कसे पाजावे, आजार कसा ओळखावा, हे त्या घरोघर जाऊन सांगत व पाहत. आजारी बाळाला औषध देत. तिथे नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे एकट्या उबेने झाले नाही, पण उबेचाही त्यात वाटा होता.

सगळ्यांत चांगली ऊब आईच्या छातीशी असते. त्यानंतर कोरडे कपडे, डोक्याला टोपडे, पायात मोजे. मग हातमोजे. बाळंतविड्यात झबली, लंगोट, दुपटी असतात. त्यात आपल्या हातची ही एक जोडी घालावी.

विणकाम म्हणजे काय?

मागावर कापड विणतात, तेव्हा उभे आणि आडवे असे दोन धागे लागतात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच. एका फाशातून दुसरा फासा काढायचा, एवढेच काम. म्हणून हे विणकाम ताणले जाते. फाशांमध्ये हवा अडकून राहते आणि ती ऊब धरते. पण एक फासा सुटला, की खालचेही सुटत जातात. या फाशालाच टाका म्हणतात.

सामान

दहा नंबरच्या दोन सुया, मध्यम जाडीची मऊ लोकर २५ ग्रॅम, मोठ्या नेढ्याची एक सुई आणि कात्री. लोकर गालाला लावून पाहावी. टोचली तर घेऊ नये.

कृती

१. एका सुईवर ३० टाके घालावे. हे काम जाणत्या बाईकडून एकदा पाहून घ्यावे. टाके फार आवळू नयेत.

२. सुलट टाक्यासाठी धागा मागे ठेवायचा. उजवी सुई टाक्यात पुढून मागे घालायची. तिच्यावर धाग्याचा वेढा घेऊन तो टाक्यातून पुढे काढायचा. मग जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा.

३. उलट टाक्यासाठी धागा पुढे आणायचा. सुई टाक्यात मागून पुढे घालायची. वेढा घेऊन तो मागे काढायचा आणि जुना टाका सोडायचा.

४. पहिल्या १२ ओळी एक सुलट, एक उलट अशा विणाव्या. ही मनगटाची पट्टी. ती आपोआप हाताला बसते.

५. पुढच्या २६ ओळी सगळ्या सुलट विणाव्या.

६. आता दोन-दोन टाके एकत्र विणावे. १५ टाके उरतील. त्यावर एक ओळ सुलट. पुन्हा दोन-दोन एकत्र, शेवटचा एकटा. ८ टाके उरतील.

७. धागा वीतभर ठेवून कापावा. नेढ्याच्या सुईने तो आठही टाक्यांतून ओवून आवळावा. त्याच धाग्याने टोकापासून मनगटापर्यंत बाजू शिवावी.

असाच दुसरा मोजा करावा. अंगठा वेगळा नको.

प्रत्येक ओळ संपली की टाके मोजा. सहाव्या कृतीपर्यंत ते ३० च भरले पाहिजेत. २९ भरले, तर टाका सुटला. ३१ भरले, तर धागा पुढे-मागे करताना चुकून जास्तीचा वेढा पडला. उसवायला लाजू नये. उसवलेली लोकर वाया जात नाही. आकडे शिकलात, ते इथे कामी येतात.

हे विसरू नका

आत लोंबता धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला, तर रक्त अडते. बोट सुजते, काळे पडते आणि ते गमवावेही लागू शकते. म्हणून धाग्याची टोके टाक्यांतून दोन-तीनदा ओवून मगच कापावी. मोजा घालण्याआधी दर वेळी उलटा करून पाहावा. मनगटाला दोरी बांधू नये. बाळ रडायचे थांबत नसेल, तर आधी मोजे काढून बोटे पाहा.

मोजा ओला झाला की बदला. शेगडीपासून लांब ठेवा. बाजारची लोकर पुष्कळदा कृत्रिम धाग्याची असते. ती वितळून कातडीला चिकटते. दूध पाजताना मोजे काढा. बाळाला आईचा स्पर्श हवा असतो.

बाळाला ऊब पुरते की नाही, हे हाताने कळते. पोट आणि तळपाय दोन्ही गरम असले, तर ठीक. पोट गरम पण तळपाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे. त्याला छातीशी धरा. दोन्ही गार असले, तर छातीशी धरूनच तडक दवाखाना गाठा. आशाताईंनाही कळवा.

हे काम बायकांचेच, असे कोणी समजू नये. पुरुषांनाही दोन हात आहेत आणि तीसपर्यंत मोजता येते. घरात पाळणा हलणार असेल, तर आजच सुया आणा.