झटका आला म्हणून बसून राहायचं?

हृदयविकाराच्या झटक्यानंतर अँजिओप्लास्टी होऊन माणूस घरी आला की घरातल्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, ‘तुम्ही उठू नका, मी देते.’ तांब्या-भांडं हाताशी, रिमोट हाताशी; भाजी आणणं बंद, जिना बंद. हे सगळं मायेपोटीच होतं, आणि त्यातच त्या माणसाचं नुकसान होतं.

एके काळी डॉक्टरही झटक्यानंतर चार-सहा आठवडे सक्तीने झोपवून ठेवत. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकरच खुर्चीत बसवण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. तिथून झोपून राहणंच बरं हा समज ढासळू लागला. पुढे १९६६ साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं गेलं. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की त्या तीन आठवड्यांनी त्यांची श्रम करण्याची क्षमता जितकी घटवली होती, तितकी तीस वर्षांच्या वयानेही घटवली नव्हती. निरोगी पोरांची ही गत, मग साठीतल्या हृदयरुग्णाचं काय होत असेल!

अँजिओप्लास्टीत बसवलेला स्टेंट एका जागेचा अडथळा दूर करतो. बाकीच्या रक्तवाहिन्या, रक्तदाब, साखर यांना हालचालही लागते. रोज चालणाऱ्याचे स्नायू रक्तातला प्राणवायू अधिक चांगला वापरतात, त्यामुळे तेवढ्याच कामाला हृदयाचे कमी ठोके पुरतात.

डॉक्टरांनी परवानगी दिली की सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. वेग ओळखायची सोपी खूण म्हणजे बोलणं. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. दोन शब्दांत धाप लागली तर वेग कमी करायचा. मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यावर फार विसंबू नये, कारण हृदयरुग्णांना दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या ठोके फारसे वाढू देत नाहीत. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं हळू चालावं. एकदम थांबलं तर चक्कर येऊ शकते.

छातीत दडपण आलं तर तिथेच बसायचं, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवायची. दडपण पाच मिनिटांत गेलं नाही तर थेट रुग्णालय गाठायचं. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा पायांवर सूज वाढत असेल, तर त्या दिवशी चालणं नको, आधी डॉक्टर.

आणि रुग्णाच्या मनातली भीती? ‘जा, फिरून या’ म्हटल्याने ती जात नाही. पहिले काही दिवस कुणीतरी सोबत जावं, त्याच्या चालीने. डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांची चिठ्ठी समजून घेताना ‘किती चालायचं, कधी वाढवायचं, इथे कार्डियाक रिहॅब, म्हणजे हृदयरुग्णांसाठी देखरेखीखालचा व्यायाम, आहे का?’ हेही विचारून घ्यावं.