आधी परवाने, मग आराखडा

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. उर्वरित महाराष्ट्र त्यांना 'सुबोध बायबल'चे कर्ते आणि साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतो. वसईत त्यांचे नाव हरित वसई संरक्षण समितीपासून सुरू होते. ते गेले त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने नालासोपाऱ्यातल्या ४१ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. या इमारती ज्या जागेवर उभ्या होत्या, ती जागा आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, विरारमध्ये एक बेकायदा इमारत कोसळून १७ जण मेले. दोन्ही वेळा चर्चा झाली ती बिल्डर आणि अधिकाऱ्यांची. ती व्हायलाच हवी होती. पण या दोन्ही घटनांची मुळे जवळपास चार दशकांपूर्वीच्या एका निर्णयात आहेत. तो निर्णय जमिनीचा समजला गेला. खरे तर तो पाण्याचा होता.

वसईचा पश्चिम पट्टा उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला उल्हास नदीची खाडी आणि पश्चिमेला समुद्र यांनी वेढलेला आहे. इथले गोडे पाणी म्हणजे पावसाचे मुरलेले पाणी, आणि त्याच्या खाली व आजूबाजूला खारे. उपसा मुरण्यापेक्षा जास्त झाला की विहीर मचूळ होते. हे ओळखून वसईकरांनी बावखळे खणली. वाडीलगत तळे खणायचे, निघालेली माती घराच्या जोत्याला आणि वाडीच्या भरावाला वापरायची, पावसाळ्यात तळे भरू द्यायचे आणि त्या ओलाव्यावर शेजारच्या विहिरीचा झरा जिवंत ठेवायचा. केळी, पानवेली, फुलबागा या सगळ्याचा आधार हाच. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली वसईची सुकेळी ही त्याच पाण्याची कमाई. ज्याला सरकारी नकाशा 'हरित पट्टा' म्हणत होता, ती जागा रिकामी नव्हती. पाणी साठवण्याची एक चालती व्यवस्था तिथे होती.

१९८८च्या सुमारास सरकारने हा परिसर नागरीकरणाला खुला करायचे ठरवले आणि गावोगाव विरोध उभा राहिला. १९९० मध्ये सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. पण वसई-विरार उपप्रदेशाच्या अंतिम विकास आराखड्याला मंजुरी मिळाली ती २००७ मध्ये. मधल्या सुमारे दोन दशकांत रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंना शहर बांधून झाले. नळाला पाणी नव्हते, म्हणून टँकर आले. ते भरले जात होते पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमधल्या विहिरींतून. म्हणजे ज्या गावांनी जमीन राखली, त्यांच्याच जमिनीखालचे पाणी नव्या इमारतींकडे निघाले. नव्वदच्या दशकातला, फादर दिब्रिटोंच्या हरित वसई समितीचा लढा हा टँकरविरुद्धचा आणि त्यामागच्या दहशतीविरुद्धचाही लढा होता. त्याला 'विकासविरोधी' म्हणून हिणवले गेले. आज त्या आंदोलकांच्या मागण्या पाहिल्या तर त्या कोणत्याही नगररचनाकाराने पहिल्याच दिवशी विचारायला हव्या होत्या अशा आहेत: पाणी कुठून आणणार, सांडपाणी कुठे सोडणार, पावसाच्या पाण्याला वाट कुठून देणार?

यावर एक आक्षेप गंभीर आहे. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून बाहेर पडणाऱ्या माणसाने जायचे कुठे? मुंबईने त्याला घर नाकारले, वसई-नालासोपाऱ्याने दिले, आणि हे ऋण मोठे आहे. पण त्याला मिळाले काय, तेही पाहावे. घर मिळाले, पाणी टँकरचे, रस्ते तुंबलेले, आणि जुलै २०१८ मध्ये दिवसचे दिवस पाण्यात बुडालेल्या वसाहती. पाण्याची आणि निचऱ्याची सोय आधी करा, ही गावकऱ्यांची मागणी त्या नव्या रहिवाशाच्याही हिताची होती. दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात राजकारणाचा फायदा झाला, इतकेच. दुसरा आक्षेप असा की जमिनी शेवटी गावकऱ्यांनीच विकल्या. अनेकांनी विकल्या, हे खरे. पण विहीर मचूळ झाली, शेजारी भराव पडून वाडीत पाणी साचू लागले, की शेतकऱ्याची विक्री स्वखुशीची कशी मानायची?

पुढची वर्षे फारसे नवे काही सांगत नाहीत. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली, गावे वगळण्यासाठी आंदोलन झाले, त्याच प्रश्नावर आमदारही निवडून आला, आणि निर्णय कोर्टकचेऱ्यांत अडकला. २०१६च्या प्रादेशिक आराखड्याच्या मसुद्यात हरित पट्ट्यात वाढीव बांधकामाची सोय दिसताच वसईतून हजारो हरकती गेल्या. तोवर कित्येक बावखळे बुजवली गेली होती. सातबाऱ्यावर बावखळाला संरक्षण नाही, त्यामुळे भराव टाकणाऱ्याला अडवायचे कोणत्या कलमाखाली, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

आता हीच गोष्ट उत्तरेकडे सरकते आहे. वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले आणि त्याच्या भोवती 'चौथी मुंबई' वसवण्याची घोषणाही झाली. डहाणू-पालघरच्या चिकूच्या वाड्यांवर आणि पाड्यांवर नकाशे पसरले जातील, हरकतींसाठी मुदत दिली जाईल आणि लोकांना झोनच्या रंगांत गुंतवले जाईल. तिथल्या ग्रामसभांना एवढेच सांगावेसे वाटते: रंगावर वाद घालण्याआधी पाण्याचा लेखी हिशेब मागा. धरण कोणते, जलवाहिनी कधी पूर्ण होणार, सांडपाणी केंद्राची जागा ताब्यात आहे का, तळी-विहिरींची नोंद सातबाऱ्यावर झाली का. याची उत्तरे मिळेपर्यंत एकाही बिनशेती परवान्याला ग्रामसभेने संमती देऊ नये.