संहिता आणि संवाद : पालक-प्रबोधन कार्यक्रमांतील सुलभकांच्या कामगिरीचे मापन

पालक-प्रबोधनाच्या एखाद्या गटबैठकीची कल्पना करावी. मागील आठवड्यात पालकांना घरी करावयास एक अभ्यास दिलेला आहे : मुलाने काही चांगले केले, की त्या कृतीचा नेमका उल्लेख करून त्याला शाबासकी द्यावी. एक आई सांगते की, तिला ते साधले नाही. मुलाने जेवणाचे ताट लोटले आणि तिचा हात उठला. बैठक चालविणारी व्यक्ती विचारते, “मागच्या आठवड्यात आपण काय ठरवलं होतं?” कार्यक्रमाच्या पुस्तिकेत ‘घरच्या अभ्यासाचा आढावा घ्यावा’ अशी सूचना असेल, तर ती येथे पाळली गेली आहे. परंतु आढावा घेतला गेला, की जाब विचारला गेला, हे छापलेल्या वाक्यावरून सांगता येत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला या वाक्यातील अडचण चटकन दिसेल. आपल्या भाषेत ‘आपण’ हे श्रोत्याला सामावून घेणारे प्रथमपुरुषी सर्वनाम आहे, आणि श्रोत्याला आदराने दूर ठेवणारे द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे. वर्तमानकाळात क्रियापद हा संदेह फेडते : ‘आपण ठरवतो’ आणि ‘आपण ठरवता’ यांत घोटाळा होत नाही. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात मात्र क्रियापद कर्माशी जुळत असल्यामुळे दोन्ही अर्थांना एकच रूप उरते. ‘होतेत’ असा त-प्रत्यय लावल्यास द्वितीयपुरुष स्पष्ट होतो हे खरे, पण तो लावणे ऐच्छिक आहे. मग तेच वाक्य ‘तुम्ही-आम्ही मिळून काय ठरवले होते ते आठवू या’ असे ऐकू येऊ शकते, आणि ‘बाई, आपण शब्द दिला होता ना?’ असेही ऐकू येऊ शकते. पहिल्या अर्थाने ती आई पुढील आठवड्यात पुन्हा येईल. दुसऱ्या अर्थाने कदाचित येणार नाही.

अशा बैठका चालविणाऱ्यांना प्रशिक्षणक्षेत्रात अलीकडे ‘सुलभक’ म्हणतात. शब्द फारसा कानाला गोड नाही, तथापि रूढ झाला आहे. म्हणून येथेही तोच वापरला आहे. सुलभकाची कामगिरी मोजावयाची म्हणजे दोन निराळ्या गोष्टी मोजावयाच्या. त्याने कार्यक्रमाच्या संहितेतील घटक खरोखर सादर केले काय, हा पहिला प्रश्न. याला आपण संहितानिष्ठा म्हणू. ते त्याने कितपत कसबाने सादर केले, हा दुसरा, हे कौशल्य. डेन आणि श्नायडर यांनी १९९८ साली प्रतिबंधात्मक कार्यक्रमांचा आढावा घेताना या दोहोंखेरीज आणखी तीन घटक वेगळे काढले होते : सहभागींना कार्यक्रमाची मात्रा किती मिळाली, त्यांनी प्रतिसाद कसा दिला, आणि हा कार्यक्रम इतर कार्यक्रमांहून खरोखर निराळा राहिला काय. पाचही घटक महत्त्वाचे आहेत. पण वादाचे मूळ पहिल्या दोहोंतच आहे, आणि प्रस्तुत लेखाचा भर तेथेच राहील.

हे मापन करावयाचेच कशाला, असा आक्षेप घेणारे अजूनही भेटतात. कार्यक्रम एकदा प्रयोगाने सिद्ध झाला, की पुस्तिका छापून ती वाटावी, असा त्यांचा समज असतो. त्यांच्यासाठी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचा अनुभव बोलका आहे. तेथील शासनाच्या धोरणसंशोधन संस्थेने २००४ साली बालगुन्हेगारांच्या कुटुंबांसाठी चाललेल्या एका कुटुंबोपचार कार्यक्रमाचा अहवाल प्रसिद्ध केला. (हा काटेकोर अर्थाने पालक-प्रबोधन कार्यक्रम नव्हे, पण जवळचा भाऊबंद आहे.) उपचारक कुशल होते तेथे गंभीर गुन्ह्यांची पुनरावृत्ती ३८ टक्क्यांनी घटली. ज्यांची गणना अकुशलांत झाली, त्यांच्याकडील मुलांची स्थिती उपचार न मिळालेल्या मुलांपेक्षा मुळीच बरी नव्हती; आकडा उलट थोडा वाईटच होता, जरी तो फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. कार्यक्रम एकच, पुस्तिका एकच. कौशल्य मोजले नसते, तर दोन्ही गटांची सरासरी निघाली असती आणि ‘कार्यक्रमाचा परिणाम बेताचाच होतो’ असा निर्वाळा मिळाला असता. असे असूनही संशोधकांचे या बाजूकडे फार दुर्लक्ष झाले आहे. पेरेप्लेचिकोवा, ट्रीट आणि कॅझडिन यांनी २००७ साली प्रमुख नियतकालिकांतील मानसोपचारविषयक संशोधन तपासले, तेव्हा ज्यांनी या प्रश्नाची पुरेशी दखल घेतली होती असे उपचार केवळ ३.५ टक्के आढळले.

मोजण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे पडताळा-सूची. बैठकीनंतर सुलभकाने स्वतःच ‘केले’ किंवा ‘केले नाही’ अशा खुणा करावयाच्या. स्वतःच्या कामाला माणूस सढळ हाताने गुण देतो, हे सांगावयास संशोधनाची आवश्यकता नाही. म्हणून बाहेरचा निरीक्षक बसवावा किंवा बैठकीचे चित्रमुद्रण तपासावे, हा पुढील टप्पा. आणि एक निरीक्षक चुकू शकतो, म्हणून दोन.

येथे संख्याशास्त्रातील एक सापळा आहे. त्यात आपले विद्यार्थी दर वर्षी अडकतात, म्हणून थोडे थांबून तो पाहू. समजा, दोन निरीक्षकांनी शंभर बैठकी पाहिल्या, आणि ‘घरच्या अभ्यासाचा आढावा घेतला काय?’ या एका प्रश्नावर प्रत्येकाने नव्वद वेळा ‘होय’ म्हटले. ८२ बैठकींत दोघांचे ‘होय’ जुळले, २ बैठकींत ‘नाही’ जुळले, १६ मध्ये मतभेद झाला. म्हणजे एकमत ८४ टक्के. अहवालात हा आकडा मोठा शोभून दिसतो. परंतु दोघांनीही डोळे मिटून नव्वद टक्के वेळा ‘होय’ लिहिले असते, तरीही केवळ योगायोगाने ८२ टक्के एकमत झालेच असते. जेकब कोहेन यांनी १९६० साली सुचविलेला कॅपा गुणांक हा योगायोगाचा भाग वजा करतो. येथे योगायोगापलीकडे शक्य असलेल्या १८ टक्क्यांपैकी केवळ २ टक्के पदरात पडले. कॅपा सुमारे ०.११, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. संहितानिष्ठेच्या सूचींत हे नेहमी घडते, कारण प्रशिक्षित सुलभक बहुतेक घटक सादर करतातच. सूची ज्या गोष्टीवर बोट ठेवते, तीत फरक थोडा. आणि जेथे फरक पुष्कळ, तेथे सूचीचे बोट पोहोचत नाही.

या कोंडीतून काढलेला सर्वांत विचारपूर्वक मार्ग ऑरेगन राज्यातील यूजीन येथील संशोधकांचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. फोरगॅच, पॅटरसन आणि डीगार्मो यांनी २००५ साली आपल्या पालक-प्रशिक्षण पद्धतीसाठी जी मापनश्रेणी प्रसिद्ध केली, तीत निष्ठा आणि कौशल्य यांची फारकत करण्याचे त्यांनी बुद्ध्याच टाळले. कौशल्यावाचून केलेले अनुसरण हे अनुसरणच नव्हे, अशी त्यांची भूमिका. निरीक्षक प्रत्यक्ष बैठकीचे मुद्रण पाहतो आणि ज्ञान, रचना, अध्यापन, प्रक्रिया-कौशल्य व समग्र विकास या पाच अंगांवर एक ते नऊ गुण देतो. एक ते तीन म्हणजे अजून मेहनत हवी. चार ते सहा म्हणजे चालण्याजोगे. सात ते नऊ म्हणजे चांगले काम. त्यांनी ही श्रेणी वीस कुटुंबांच्या लहानशा नमुन्यावर पडताळली, तेव्हा उपचारकाचे गुण जितके अधिक, तितकी वर्षभरानंतर आई-वडिलांच्या प्रत्यक्ष वागण्यात सुधारणा अधिक, असे आढळले. श्रेणीची सप्रमाणता तपासण्याची ही एक महत्त्वाची रीत आहे. निरीक्षकांचे एकमत झाले म्हणजे मापन विश्वसनीय ठरले. मापन कशाचे झाले, हे पालकाच्या घरीच कळावयाचे.

हीच श्रेणी पुढे नॉर्वेत वापरली गेली. तेथे १९९९ पासून ही पद्धत राष्ट्रीय पातळीवर राबविण्यात आली. ऑरेगनच्या मूळ प्रवर्तकांनी पहिली पिढी शिकविली, तिच्यातील निवडकांनी दुसरी, आणि या दोन्ही पिढ्यांतील प्रशिक्षकांनी मिळून तिसरी. मौखिक परंपरेचा अभ्यास केलेल्या कोणालाही अपेक्षा असेल की, पिढीगणिक पाठ बिघडत जाईल. संशोधकांचीही अपेक्षा तीच होती. २०११ साली फोरगॅच व डीगार्मो यांनी निष्कर्ष दिले, ते असे : दुसऱ्या पिढीत गुण किंचित उतरले, परंतु तिसरी पिढी पुन्हा पहिलीच्या बरोबरीस आली. आपल्याकडे वेदपाठाच्या परंपरेत पद, क्रम, जटा असे पाठाचे प्रकार योजून वर्णांचे रक्षण केले गेले. नॉर्वेत जपले गेले ते वर्ण नव्हेत, वर्तन. आणि ते जपता आले, यात सततच्या प्रत्यक्ष निरीक्षणाचा वाटा असावा, असे मला वाटते.

वेल्समधील बँगर विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी निराळी वाट धरली. कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांच्या ‘इन्क्रेडिबल इयर्स’ या कार्यक्रमासाठी त्यांनी २००८ साली जे निरीक्षण-साधन मांडले, त्यात ठोकळ गुण न देता गटप्रमुखाच्या वर्तनाच्या आवृत्त्या मोजल्या जातात : ऐकून घेणे, सहानुभूती, प्रोत्साहन, प्रशंसा यांसारख्या कृती किती वेळा घडल्या. त्यांच्या पुढील अभ्यासात गटप्रमुखाच्या सकारात्मक वर्तनाचा पालकांच्या वर्तनातील बदलाशी संबंध दिसून आला. मुलाची प्रशंसा कशी करावी हे आईला पुस्तिकेतून जितके कळते, त्याहून अधिक ते तिची स्वतःची प्रशंसा होते तेव्हा कळत असावे.

विकसनशील देशांत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि काही विद्यापीठे यांच्या सहकार्याने तयार झालेले ‘पॅरेंटिंग फॉर लाइफलाँग हेल्थ’ या मालिकेतील कार्यक्रम दक्षिण आफ्रिकेत प्रथम पारखले गेले. किशोरवयीन मुलांच्या कुटुंबांसाठी ईस्टर्न केप प्रांतातील ४० वस्त्यांत ५५२ कुटुंबांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. या मालिकेत बैठकी चालविणारे पुष्कळदा पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसतात. त्याच वस्तीतले कार्यकर्ते असतात. त्यांच्यासाठी केलेल्या मूल्यमापन-साधनात उपक्रम आणि प्रक्रिया-कौशल्ये या दोन्ही बाजूंवर गुण असतात. या गुणांवर कोणाला प्रमाणपत्र मिळते, कोणाला मिळत नाही. मापनातील चूक येथे केवळ कोष्टकातील चूक राहत नाही. एखाद्या कार्यकर्तीची उपजीविका तीत अडकलेली असते.

आता पुन्हा त्या ‘आपण’कडे. ऑस्टिन यांच्या १९६२ साली ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांपासून आपण उक्ती आणि उक्तीने केलेली कृती यांत भेद करतो. पडताळा-सूची उक्ती मोजते. वेल्सचे साधन कृतींची गणती करते. ऑरेगनची श्रेणी कृतीचे मोल ठरविते. परंतु उक्ती कोणत्या कृतीत मोडते, हे निरीक्षकाने ठरवावयाचे कशावरून? सुरावरून, असे उत्तर सहज सुचते. प्रस्तुत लेखकाने वर्गात ध्वनिमुद्रित मराठी संभाषणे ऐकवून ‘हा प्रश्न आहे की टोमणा’ असे विचारून पाहिले आहे. विदर्भातील आणि कोकणातील विद्यार्थ्यांचे कान एकाच सुराबाबत निरनिराळी साक्ष देतात.

संभाषण-विश्लेषणाच्या अभ्यासकांनी याहून भक्कम आधार दिला आहे. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांच्या १९७४ च्या प्रसिद्ध निबंधापासून असे मानले जाते की, एका वक्त्याच्या बोलण्याचा अर्थ कसा घेतला गेला, हे दुसऱ्याच्या लगतच्या पाळीत उघड होते. ती आई जर म्हणाली, “ठरलं होतं, पण संध्याकाळी फार घाई असते, तेव्हाच बिनसतं”, तर आढावा घेतला गेला. ती जर म्हणाली, “चुकलं माझं”, तर जाब विचारला गेला. मराठीत हे साधन वापरावयाचे झाल्यास, निरीक्षकांच्या मार्गदर्शिकेत सुलभकाचे वाक्य एकटे न छापता पालकाच्या पुढील वाक्यासह उदाहरणादाखल द्यावे, असे मला सुचवावेसे वाटते. ‘तुम्ही’, ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांच्या निवडीचे टिपण वेगळ्या रकान्यात घ्यावे. गरीब वस्तीतील बाईला एकदम ‘आपण’ म्हणून संबोधणे हा नेहमीच आदर असतो असे नाही. तो दुरावाही असू शकतो.

यावर एक गंभीर हरकत निघते, आणि ती मला पूर्णपणे मोडून काढता आलेली नाही. सुलभकाचे कौशल्य पालकाच्या उत्तरावरून ठरविले, तर डेन आणि श्नायडर यांनी निगुतीने वेगळे ठेवलेले दोन घटक एकमेकांत मिसळतात. मुळात बोलकी, आत्मविश्वास असलेली आई लाभली, तर सामान्य सुलभकही गुण मिळवून जाईल. घरी मार खाऊन आलेली आई प्रत्येक प्रश्नाला “चुकलं” असेच म्हणेल, आणि कुशल सुलभकाचे गुण उतरतील. एकाच सुलभकाच्या निरनिराळ्या पालकांशी झालेल्या पाळ्या पुरेशा संख्येने गोळा करून पालकांमधील फरक वेगळा काढणे, हा यावर उपाय आहे. मात्र त्यासाठी प्रत्येक सुलभकाच्या एक-दोन नव्हे, पाच-सहा बैठकींचे शब्दशः लेखन करावे लागेल. तासाभराच्या मुद्रणाच्या काटेकोर लेखनाला एक पूर्ण दिवस सहज जातो. आणि त्यातही जी आई काहीच न बोलता पदराशी चाळा करीत राहिली, तिची पाळी कोणत्या रकान्यात लिहावयाची, हे ठरवावे लागेलच. ध्वनिमुद्रणात ती ऐकूही येणार नाही, म्हणून चित्रमुद्रणाचा आणि त्यासाठी पालकांच्या संमतीचा प्रश्न अगोदर सोडवावा लागेल.