फट बुजवायची, पण कशाने?

मे महिना अर्ध्यावर आला की मुंबई-ठाण्यातील हार्डवेअरच्या दुकानांत 'एक सिलिकॉन द्या' ही मागणी हमखास ऐकू येऊ लागते. गेल्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून झिरपलेल्या पाण्याने भिंतीवर नकाशे काढलेले असतात, रंगाचे पापुद्रे सुटलेले असतात, कुठे लोणा फुटलेला असतो. दुकानदार पांढऱ्या किंवा पारदर्शक सिलिकॉनचे एक नळकांडे काढून देतो. गृहस्थ ते घरी नेऊन जुन्या फटीवर एक जाड वळी ओढतात आणि निश्चिंत होतात. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याच कोपऱ्यात पुन्हा ओल दिसते आणि सारा दोष मालाच्या माथी मारला जातो. वास्तविक बहुतेक वेळा माल ठीक असतो. त्याची निवड किंवा लावण्याची रीत चुकलेली असते.

सांताक्रूझ येथील वेधशाळेच्या नोंदींनुसार जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईच्या उपनगरांत सरासरी सुमारे २३०० मिलीमीटर पाऊस पडतो. हा पाऊस सरळ खाली पडत नाही. नैर्ऋत्येकडून येणारा वारा तो भिंतींवर आडवा मारतो. त्यामुळे पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या खिडक्यांची चौकट जिथे भिंतीला टेकते, तो सांधा सर्वांत आधी हार खातो.

हा सांधा पांढऱ्या सिमेंटने भरण्याची पद्धत जुनी आहे आणि ती न टिकण्याचे कारण साध्या हिशेबात सापडते. उन्हाने तापल्यावर ॲल्युमिनियम हे काँक्रीटच्या दुपटीहून थोडे अधिक प्रसरण पावते. दोन मीटर रुंदीची ॲल्युमिनियमची चौकट तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर सुमारे दीड मिलीमीटर वाढते, तेवढ्याच लांबीचे काँक्रीट मात्र पाऊण मिलीमीटरच्या आतच राहते. यूपीव्हीसीची चौकट तर याहूनही कितीतरी अधिक हलते. रोज दुपारी ताणला जाणारा आणि रोज रात्री आवळला जाणारा हा सांधा पांढऱ्या सिमेंटसारख्या ताठ पदार्थाने भरला, तर केसाएवढी भेग पडणे अटळच. पाण्याला तेवढी भेग पुरते. म्हणूनच सांध्यात ताणले जाणारे आणि पुन्हा मूळ आकारात येणारे द्रव्य लागते. बाजारात त्याला सीलंट म्हणतात. लाकडी गलबताच्या दोन फळ्यांमध्ये कापूस ठासून त्यावर राळ आणि तेल यांचे मिश्रण भरणाऱ्या कारागिरांचे तत्त्व याहून वेगळे नव्हते.

आंबट वासाची ओळख

सीलंटचे प्रमुख प्रकार तीन : ॲक्रिलिक, सिलिकॉन आणि पॉलियुरेथेन, म्हणजे कारागिरांच्या भाषेत 'पीयू'. ॲक्रिलिक पाण्यात कालवलेले असते, स्वस्त असते आणि त्यावर रंग बसतो. घराच्या आतील दाराच्या चौकटी, छताच्या कडेची प्लॅस्टर ऑफ पॅरिसची नक्षी, भिंतीतील बारीक भेगा यांसाठी ते उत्तम. मात्र त्यातील पाणी उडून गेल्यावरच ते घट्ट होते आणि तसे होताना आकसते. भर पावसात बाहेरच्या बाजूस लावलेले ॲक्रिलिक पहिल्या सरीतच वाहून जाते.

सिलिकॉन ऊन, पाऊस आणि उष्णता या तिन्हींना चांगले तोंड देते. पण त्यावर रंग धरत नाही. त्यातही दोन जाती आहेत आणि ग्राहक सर्वाधिक फसतो तो इथेच. पहिली जात घट्ट होताना ॲसिटिक आम्ल सोडते. नळकांडे उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला की ती ओळखावी. काच, ग्लेझ्ड टाइल आणि सिरॅमिकचे बेसिन यांना ती घट्ट धरते. परंतु सिमेंट आणि संगमरवर यांत चुन्याचे क्षार असतात आणि आम्ल नेमके त्यांनाच खाते. चिकटलेल्या थराखालचा पृष्ठभागच भुसभुशीत होतो आणि सिलिकॉनची पट्टी रबरासारखी ओढून निघते. ओट्यासाठी वापरला जाणारा काळा कडप्पा हाही चुनखडकच, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. या जातीने आरशामागचा चकचकीत थर काळवंडतो, लोखंडी ग्रिलला गंज चढतो. दुसरी जात 'न्यूट्रल' म्हणून विकली जाते. तिला आंबट वास नसतो आणि खिडकीची चौकट, दगड, प्लॅस्टर यांच्या सांध्यासाठी तीच घ्यावी. संगमरवर पांढरा असेल तर तिच्यातही दगडावर डाग न पाडणारा प्रकार मागून घ्यावा, कारण साध्या सिलिकॉनमधील तेलकट अंश दगडात मुरून कडेने करडी रेघ उमटू शकते.

न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशी रोखणारे द्रव्य घातलेले असते. तेच नळकांडे उरले म्हणून माशांची काचपेटी जोडायला घेऊ नये. हे द्रव्य माशांना घातक ठरू शकते.

पीयू काँक्रीटला घट्ट धरते, त्यावर रंग लावता येतो आणि बाहेरच्या भिंतीच्या रुंद सांध्यांत ते चांगले टिकते. त्यातील आयसोसायनेटमुळे श्वसनाचा त्रास होऊ शकतो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याला त्या दिवशी दूर ठेवावे. काम करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. अलीकडे 'हायब्रिड' किंवा 'एमएस पॉलिमर' या नावाने मिळणारा माल रंगही घेतो आणि किंचित दमट पृष्ठभागालाही धरतो. त्याची किंमत मात्र अधिक. वेष्टनावर आयएसओ ११६०० हे मानक आणि त्यापुढे २५ हा आकडा असेल, तर सांधा रुंदीच्या २५ टक्के आत-बाहेर हलला तरी माल तग धरेल, असा त्याचा अर्थ. खिडकीसाठी याहून कमी आकड्याचा माल घेण्यात शहाणपणा नाही.

बुजवू नयेत अशा फटी

उत्साहाच्या भरात प्रत्येक छिद्र बंद करण्याचे प्रकारही होतात. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये बाहेरच्या बाजूस लहान आडवी छिद्रे असतात. ट्रॅकमध्ये साचलेले पाणी बाहेर जावे म्हणूनच ती ठेवलेली असतात. ती बुजवली की ट्रॅक भरतो आणि पाणी थेट खोलीत ओघळते. गळती सिलिकॉननेच सुरू झाली, असा विचित्र प्रकार मग अनुभवास येतो. या छिद्रांतील कचरा काडीने काढणे, एवढे एकच काम तिथे करायचे असते.

दुसरी बाब जिवाशी गाठ घालणारी आहे. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर तेथील झडपा, दाराखालची फट किंवा जाळी कदापि बंद करू नये. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अशा दुर्घटनांत माणसे दगावल्याच्या बातम्या राज्यातील शहरांतून वारंवार येत असतात. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

आणि काही गळत्या सीलंटच्या आवाक्याबाहेरच्या असतात. न्हाणीघरातून खालच्या मजल्यावर उतरणारे पाणी बहुधा नहाणी ट्रॅपच्या भोवतालून किंवा टाइलखालच्या निकामी झालेल्या जलरोधक थरातून येते. वरून कितीही सिलिकॉन फासले तरी ते थांबत नाही. खिडकीखालच्या दगडाचा उतार आतल्या बाजूस असेल तर आधी तो दुरुस्त व्हायला हवा. म्हणून खर्च करण्यापूर्वी पाणी कुठून येते ते पाहावे. बाहेरून पाईपने पाणी मारता येत असेल तर ते तळापासून सुरू करून पाच-पाच मिनिटांनी वर सरकावे आणि आत एकाने लक्ष ठेवावे. ज्या पातळीवर ओल उमटेल, तिथे किंवा तिच्या किंचित वर दोष असतो.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसामुळे किंवा बाहेरील सामाईक नळांमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते, तर शौचालय, सिंक आदींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदस्याने सोसायचा असतो. बाहेरच्या भिंतीला तडा असेल तर आधी संस्थेला लेखी कळवावे, हे बरे. पाचव्या-सातव्या मजल्यावरच्या खिडकीतून अंग बाहेर काढून गन चालवणे हा तर निव्वळ अविचार. बाहेरचे काम झुल्यावर, सुरक्षा-पट्टा बांधून काम करणाऱ्या कारागिरांचेच आहे.

अर्धे काम कटरचे

जुना थर काढणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम. मुरलेल्या सिलिकॉनवर रंग नाही, सिमेंट नाही, नवे सिलिकॉनही भरवशाने चिकटत नाही. कटरने दोन्ही कडा कापून पट्टी ओढून काढावी, उरलेले कण खरवडावेत आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कापडाने कडा पुसाव्यात. रॉकेल वापरू नये. ते मागे तेलकट थर ठेवते. प्लॅस्टर किंवा ग्राउट ओले असेल तर ते पूर्ण सुकेपर्यंत थांबावे. सिलिकॉन आणि पीयू हवेतील बाष्पानेच घट्ट होतात, त्यामुळे दमट हवा त्यांना मानवते. ओला पृष्ठभाग मात्र चालत नाही. या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते.

फट खोल असेल तर ती तळापर्यंत भरण्याचा मोह टाळावा. सीलंटने दोन्ही बाजूंच्या कडांनाच धरावे. तळालाही चिकटले तर त्याला ताणायला वाव राहत नाही आणि ते मधोमध फाटते. त्यासाठी 'बॅकर रॉड' नावाची फोमची दोरी मिळते. फटीपेक्षा थोडी जाड दोरी आत दाबून बसवावी आणि वर उरलेल्या जागेत माल भरावा. रुंद सांध्यात मालाची खोली रुंदीच्या साधारण निम्मी असावी.

दोन्ही बाजूंस मास्किंग टेप लावली की कडा सरळ येते. नोझल तिरके, सुमारे ४५ अंशांत कापावे आणि त्याचे तोंड फटीहून किंचित लहान ठेवावे. गनचा खटका एकसारखा दाबत, न थांबता एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जावे. लगेच स्पॅच्युला किंवा साबणाच्या पाण्यात बुडवलेले बोट त्यावरून एकदाच दाबून फिरवावे, म्हणजे माल कडांना भिडतो. सुकण्यापूर्वीच टेप काढावी. दहा ते तीस मिनिटांत वर साय धरते आणि नंतर टेप काढताना कडा फाटते. हाताला लागलेला माल आधी कोरड्या कापडाने पुसावा, पाणी नंतर.

आतपर्यंत घट्ट होण्याचा वेग दिवसाला साधारण दोन-तीन मिलीमीटर असतो. किमान २४ तास न्हाणीघरात पाणी पडू देऊ नये, असे वेष्टनांवर छापलेले असते. एकाच न्हाणीघराच्या घरात हे अवघडच. मंडळी सुटीत गावी निघण्याच्या आदल्या रात्री हे काम उरकणे अनेकांना सोयीचे पडते.

माल किती लागेल याचा अंदाजही काढता येतो. सहा मिलीमीटर रुंद आणि तितक्याच खोल फटीसाठी ३०० मिलीलीटरचे नळकांडे सुमारे आठ मीटरपर्यंत पुरते. चार फूट लांब-रुंद खिडकीचा परीघ पाच मीटरच्या आतबाहेर असतो. म्हणजे एका खिडकीनंतर माल उरतोच.

उरलेल्या नळकांड्याचे काय?

न उघडलेला माल बहुधा उत्पादनापासून सुमारे वर्षभर टिकतो. त्यामुळे दुकानातच तारीख पाहावी. गेल्या मोसमातला शिल्लक माल पुढे सरकवला जाण्याची शक्यता मे महिन्यातच सर्वाधिक. घरात तो २५-२७ अंशांच्या आत, कोरड्या जागी ठेवावा. गच्चीखालच्या मजल्यावरील माळा, बाल्कनी आणि उन्हात उभी असलेली मोटार ही तिन्ही ठिकाणे वर्ज्य. न्हाणीघरातील कपाटही तितकेच वाईट, कारण तेथील बाष्प नोझलमधून आत शिरते.

उघडलेल्या सिलिकॉनच्या नोझलमधून एक-दोन सेंटीमीटर माल मुद्दाम बाहेर येऊ द्यावा आणि तसाच राहू द्यावा. तो सुकून बूच तयार होते आणि पुढच्या वेळी पकडीने ओढले की निघते. नोझलमध्ये लांब स्क्रू पिळून बसवणे हाही चांगला उपाय. गनच्या दांड्याचा दाब सोडायला विसरू नये, नाहीतर रात्रभर माल गळत राहतो. नंतर टोकाला टेप गुंडाळून नळकांडे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या इथे कामी येतात. इतके करूनही उघडलेले सिलिकॉन काही आठवडेच भरवशाचे राहते, पीयू तर काही दिवसच. ॲक्रिलिकमध्ये उलट आतले पाणी उडू न देणे महत्त्वाचे असते.

जुने नळकांडे पुन्हा वापरण्यापूर्वी कागदावर एक वळी ओढून पाहावी. तासाभरात त्यावर साय धरली नाही, तर तो माल खिडकीला लावू नये. असा माल मोरीत किंवा बेसिनमध्ये पिळून टाकू नये. कागदावर पसरून सुकू द्यावा आणि मग सुक्या कचऱ्यात टाकावा.